जेवलेले जजसाहेब

काल सुके बोंबील भाजायला घेतले आणि त्या वासाबरोबर सिंगापूरचे आमचे जजसाहेब आठवले बघा. नव्वदच्या दशकातली, आम्ही तिथे राहायचो तेव्हाची गोष्ट. आमचे हे बोटीवर इंजिनिअर, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे येऊन राहिलेले एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ. आधी वकील, मग निवडून आलेले आमदार, शेवटी न्यायाधीश! रविवारी आमच्याकडे बोंबलाची चटणी चाटूनपुसून खायचे. एकदा समोरच्या आंटींनी आपल्या सिंगापुरी हेलात तक्रार केली, "कॉरिडॉरभर वास, लाह! बंदच करा." कॉन्डोच्या, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या, कमिटीने निवाडा जजसाहेबांवर सोपवला. ह्यांची बोट त्याच आठवड्यात लागायची होती, आणि बोंबलाशिवाय ह्यांना घरी आल्यासारखं वाटायचं नाही. पण जजसाहेब आपलेच, म्हणून मी निर्धास्त. तर मीटिंगमध्ये ते उठून म्हणतात, "मी निकाल देणार नाही. मी यांच्या घरचं जेवलोय." माझं अवसानच गळालं. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी मांडली. "वकील मात्र होऊ शकतो," म्हणाले, आणि आंटींकडे वळले. "तुम्ही आंबवलेल्या कोळंबीचं बलाचान भाजता, तेव्हा या बाई कधी काही बोलल्या?" आंटींनाच हसू फुटलं. स्वयंपाकघराचं दार लावून भाजायची परवानगी कमिटीने दिली. आता इथल्या सोसायटीत कुणी मला भांडण सोडवायला बोलावलं, की मी आधीच सांगून टाकते, "बाई गं, तुझ्याकडचं थालीपीठ मी खाल्लंय, तेव्हा न्याय दुसरीकडे माग. बाजू हवी तर घेते!"