अंड्यांवरची टिटवी

आमच्या फुलसावंगीत एक लाइनमन आहे. तारांची कामं आटोपली की तो पाखरं पाहत बसतो. बोलताना त्याचे ओठ हलत नाहीत. पाखरू बोटानं दाखवत नाही, नुसती बुबुळं तिकडे फिरवतो. पोरंसोरं त्याला भितात. मी कशाला भिते! तरुणपणी मला पाखरं ज्वारीवरून हाकलण्यापुरतीच माहीत होती. मचाणावरून अशी बोंबलायची, की पाखरांआधी रस्त्यानं जाणारी माणसंच उडायची. आता सुनेनं दुर्बीण आणून दिली, तर निघाली म्हातारी त्याच्यामागे.

परवा भर उन्हात नांगरलेल्या वावरात टिटवी अंड्यांवर बसली होती आणि आम्ही दोघं धुऱ्याच्या बांधावर.

"काकू, हालू नोका," तो पुटपुटला.

मी श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. मग पावलांवरून काहीतरी गार, जड सरकत गेलं. ते पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात शिरलं तेव्हा शेपटी दिसली. साप होता.

"काहून रे, तुले दिसला नव्हता काय?"

"दिसला ना. लांबूनच येऊन राह्यला होता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी उठल्या असत्या, काकू. टिटवी उडाली असती. अंडे उन्हात भाजले असते."

हेही त्यानं टिटवीवरची नजर न काढता सांगितलं.

घरी येऊन मी सुनेसमोर त्याला पोटभर शिव्या घातल्या. एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. पावलांवर ते गार ओझं होतं तेव्हा टिटवी चोचीनं अंडं हळूच वळवत होती, आणि मला खाली बघावंसंच वाटलं नाही.