सासूबाईंनी केलेला मोपेडचा सौदा

मंडळी, आज सकाळी नगरला लेकीसाठी स्कूटर घ्यायला गेले होते. सेल्समन म्हणाला, "मॅडम, ॲक्सेसरीज घ्याव्याच लागतील." मी सरळ उठले, तसा तो नुसती गाडी द्यायला तयार झाला.

हे उठणं मी सासूबाईंकडून शिकले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुप्याला एका कारखान्यात कामाला होते. माझी पाळी बदलली आणि त्या वेळेला एसटीच नव्हती. मोपेड मिळाली नाही तर नोकरी सोडावी लागणार होती. मिस्टरांना रजा नव्हती, म्हणून मोपेड घ्यायला सासूबाई सोबत आल्या. काष्टीच्या बाजारात शेळ्यांचे सौदे त्याच करायच्या.

डीलर म्हणाला, "सीट कव्हर, गार्ड, सगळं घ्या. नाहीतर गाडीला तीन-चार महिने थांबा."

मी घाबरून हो म्हणणार, तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "आमाला गाडी पायजे, तिचे दागिने न्हाई. चल गं, उठ."

मी रडकुंडीला आले. "आत्या, गाडी गेली ना हातची!"

"गप चाल. मागं बगू नको."

आम्ही पायऱ्या उतरलो आणि मागून डीलरची हाक आली, "मावशी, या आत. नुसती गाडी घेऊन जा."

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी माझा हात धरला, तर त्यांचा तळवा घामानं ओला. हळूच म्हणाल्या, "मला बी लई भ्या वाटत हुतं गं."

भाव करताना तुम्हीही आतून असेच घाबरलेले असता का?