निळी आणि हिरवी

भिंतीला भोक पाडण्याआधी ते तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान लावायचे. मग मागे वळून आम्हाला गप्प करायचे. "थांबा ताई, इथून सळई जाऊन राह्यली. बाजूनं घेऊ." सळई त्यांना खरंच ऐकू यायची की हा नुसता रुबाब होता, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्यांचं ड्रिल सळईवर आपटलेलं मी कधी पाहिलं नाही.

वर्ध्याच्या आमच्या लेआउटमध्ये घरोघरी इंटरनेटची तार टाकणारे हे भाऊ. आधी डिशच्या तारा ओढायचे, मग हे काम शिकले. कुणी वरचा मजला चढवला की वायफाय स्लॅबखालीच अडकायचं आणि भाऊंना फोन जायचा. ते चपला फाटकापाशी काढायचे, ड्रिलखाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचे. विजेच्या तारेला चिकटून आपली तार नेऊ म्हटलं की चिडायचे. "काऊन? वीतभर जागा सोडा. त्या दोघींचं जमत नाई."

चहात चार चमचे साखर. "कमी गोड चहा पिऊन कोन जास्त जगलं, मले दाखवा," म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

त्यांचं खरं कसब तारेच्या टोकाशी. तुम्हीही कधी पाहिलं असेल, त्या जाड तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, आणि त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमानेच प्लगमध्ये बसवाव्या लागतात. भाऊ अंगठ्याने त्या विंचरून सरळ करायचे आणि पुटपुटत जायचे, "नारंगी पांढरी, नारंगी, हिरवी पांढरी, निळी..."

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचं होतं, वरच्या खोलीत बसून. भाऊंनी जिन्याच्या कडेने तार अशी नेली की पाहत राहावं. प्लग बसवताना मात्र ते खिडकीशी गेले, तार नाकाजवळ धरली आणि म्हणाले, "आजकाल तारेचे रंगच फिके येऊन राह्यले, ताई." मी मान डोलावली. नेमकी लाइट गेलेली, म्हणून तपासणी झाली नाही. संध्याकाळी लाइट आली, आणि वर काहीच चालेना.

मुलीने प्लग उजेडात धरला. "आई, निळीच्या जागी हिरवी बसली आहे. बोलाव ना त्यांना."

"नको गं. वाईट वाटेल त्यांना," मी म्हणाले आणि दुसऱ्या कारागिराला बोलावलं.

त्याने नवा प्लग लावला. जाताना हळूच म्हणाला, "ताई, भाऊचं हे माह्याकडे आलेलं चौथं घर. सगळे मलेच बोलावून राह्यले. पन त्यायले नका सांगू."

कुणीच सांगितलं नाही. भाऊ रस्त्यात भेटले की आम्ही सगळे एका सुरात, झकास चालू आहे. आपण किती मोठ्या मनाची माणसं, असंही वाटायचं. अहो, मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते! अंधुक दिसतं, रंग कळत नाहीत म्हणणाऱ्यांना डोळ्यांच्या विभागात रोज मीच पाठवते. रक्तातल्या साखरेने डोळ्याचा पडदा जातो हे मला तोंडपाठ. आणि माझ्याच घरात, माझ्याच खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला मी एक शब्द बोलले नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो. आग लागो त्या सभ्यपणाला.

मग भाऊ दिसेनासे झाले. वडनेरला बहिणीकडे असतात असं कळलं, तेव्हा मी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं त्यांनी मला. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो, असं बहिणीने सांगितलं. तिने दोन खुर्च्या मांडल्या आणि ती चहा ठेवायला आत गेली.

"डॉक्टर रागावले माह्यावर," भाऊ म्हणाले. "म्हने, रंग चुकायले लागले तवाच आला असता तर डोळे वाचले असते. म्या म्हनलं, साहेब, माहे रंग चुकले असते तर लोक काय गप्प बसले असते? येवढे घरं केले, एकाची बी तक्रार नाई."

सांगून टाकावं, पाय धरावेत, असं वाटलं. पण आता सांगून त्यांचं काय परत येणार होतं? उरलेलं तेवढंही मी काढून घेतलं असतं.

"तुमचं वरचं चालू हाये ना, ताई?"

"हो भाऊ," मी म्हणाले. "चालू आहे."

माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते समाधानाने हसले.