टॉवेल-टोपीचा आहेर

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. कवठे महांकाळकडच्या माळावर मेंढरांना खायला कुसळंसुद्धा उरायची नाहीत, म्हणून वडील कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची त्यानं धान्य दिलं तर भाकरी, नाहीतर मेंढीच्या दुधावर रात्र काढायची. अवकाळी पाऊस आला की कोरडं घोंगडं आधी कोकरांना, मग आम्हाला.

जन्माला मी मुलगी म्हणून आलो. आपण मुलगा आहोत हे मला कळत होतं, त्याला शब्द तेवढा नव्हता. आमच्यात लोकर कातरायचं काम पुरुषांचं, बायका कात्रीला हात लावत नाहीत. एका वर्षी वडिलांचा उजवा हात मोडला आणि कात्री माझ्याकडे आली. कातरून झालेल्या मेंढीवरून त्यांनी डावा हात फिरवला. “आंगाला कुठं लागलं न्हाई,” एवढंच म्हणाले. पुढं हात बरा झाला तरी कात्री त्यांनी परत मागितली नाही.

बारावी आत्याकडे राहून झाली. कॉलेजला सांगलीत आलो, केस कापले, शर्ट-पँट घातली, आणि मुलींच्या वसतिगृहातून माझी पेटी बाहेर आली. मुलांच्या वसतिगृहात घेईनात. खोली भाड्यानं विचारली की लोक मला वरपासून खालपर्यंत बघायचे आणि घरात विचारून सांगतो म्हणायचे. जागा मिळाली नसती तर शिक्षण तिथंच थांबलं असतं. आमच्या कुळात तोवर कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

वर्गातल्या एका मुलीनं तृतीयपंथीयांच्या एका घराचा पत्ता दिला. त्या घराची गुरू अक्का. गळ्यात देवीची कवड्यांची माळ, तोंडात पान. चेल्या तिच्या शब्दाबाहेर नसत. मी पेटी घेऊन दारात उभा राहिलो.

“टाळी येती का?” एका चेलीनं विचारलं.

“न्हाई.”

“जोगवा मागितलास कवा?”

“न्हाई. मेंढरं राखली.”

“मग आमच्यातली कशी गं तू?”

“आमच्यातला म्हणा,” मी म्हणालो.

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, “अक्का, आपण बाईपणासाठी घरदार सोडलं, आन् हे बेणं ते टाकून आलंय. आदीच भेटला आसतास तर आदलाबदल केली आसती रं.”

आपण कोण हे ठरवायचा हक्क आपलाच, असं न्यायालयानं सांगितलंय, हे मी पाठ करून गेलो होतो. ट्रान्सजेंडर म्हणजे फक्त साडीवाल्या नव्हेत, माझ्यासारखे ट्रान्स पुरुषही त्यातच येतात, हेही बोललो. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

“कायदा पोलिसाला सांग,” ती म्हणाली. “हितं रीत लागती. पुनवंपतूर ऱ्हा. मग बघू.”

राहिलो. पाणी भरलं, गॅसची टाकी खांद्यावरून वर नेली, चेल्यांचे टोमणे खाल्ले. पौर्णिमेला अक्कानं पाट मांडला. मला कुंकू लावलं आणि पुढं ताट सरकवलं. ताटात हिरवी साडी होती, वर हिरव्या बांगड्या. त्या घरात माणूस आपलं करून घ्यायचं ते असंच. त्यांनी हौसेनं आणलं होतं, त्यात वाईट काहीच नव्हतं. बांगड्या तर माझ्या हाताच्या मापाच्या होत्या.

घेतलं तर डोक्यावर छप्पर, नाही म्हटलं तर गुरूचा अपमान आणि पेटी पुन्हा रस्त्यावर.

मी ताटाला हात जोडले. “आवं अक्का, तुमचा मान मोठा हाय. पर ही नेसून मी कॉलेज करणार न्हाई. त्यापेक्षा मेंढरांमागं जाईन.”

अक्का पान चघळायची थांबली. ताटाकडे बघून म्हणाली, “माझ्या भनीच्या लग्नात मला टॉवेल-टोपीचा आहेर केलता. भर मांडवात डोस्क्यावर टोपी ठिवली. गोठ्यात जाऊन म्हशीच्या शिंगाला आडकवली म्या ती.” मग चेल्यांकडे वळली. “मला कळाय पायजे हुतं की गं.”

तिनं स्वतः साडी उचलली आणि एका चेलीला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. टॉवेल खांद्यावर आला, टोपी डोक्यावर आली आणि तशीच कानांवर उतरली.

“गडी झाला,” आदलाबदलीवाली चेली म्हणाली, “पर डोस्कं भरायचंय आजून.”

“त्यासाठीच कॉलेजला धाडायचं,” अक्का म्हणाली.

त्याच टोपीवर मी पदवीदानाला गेलो. आईवडील कळप आत्याच्या मुलांवर सोडून आले होते. वडिलांनी अक्काला रामराम केला आणि काखेतलं, मी कातरलेल्या लोकरीचं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं.

आता कुणी नवीन आलं की अक्का आधी विचारते, “साडी का टोपी?” परवा मिरजेकडून आलेलं एक जण म्हणालं, दोन्ही नको. अक्कानं डोकं खाजवलं. “मग नारळ घे,” म्हणाली आणि पाट मांडला.

त्या घरात आज ट्रान्स पुरुषांसाठी वेगळी खोली आहे. तृतीयपंथीयांची पंचायत बसते तेव्हा मीही पंचांत बसतो. आणि मी बी.ए. आहे, आमच्या कुळातला पहिला.