वाकड्या मोहाखालचा वाढदिवस

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि वच्छला मेश्राम वाकड्या मोहाखाली उकिडवी बसून दोन्ही हातांनी फुलं वेचत होती. कपाळाला बॅटरी बांधलेली, बाजूला दोन टोपल्या. मोहाचं फूल आपल्या मनाने गळतं. अंधार असल्यापासून ते ऊन तापेपर्यंत, एक इथे, एक तिथे. त्याला घाई करता येत नाही. झाडाखालची जमीन तिने बहर सुरू व्हायच्या आधीच झाडून, पालापाचोळा जाळून लख्ख करून ठेवली होती.

नाकाडोंगरीच्या पलीकडच्या या गावात जंगलातले मोह घराघराला वाटून दिलेले आहेत. कागद कुणाकडेच नाही, पण कोणतं झाड कुणाचं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. नियम एकच आणि तो कडक. बहरात झाड हलवायचं नाही. फांदी हलवली की उद्याच्या, परवाच्या, पुढच्या आठवड्याच्या कळ्या कच्च्याच खाली येतात. त्या कुणी विकत घेत नाही, आणि तेवढं बीही कमी धरतं. बाहेरच्याने हलवलं तर दंड. घरच्याने हलवलं तर झाड त्या घराकडून जातं.

वाकडा मोह वच्छलाला सासूने दिला, त्याला एकतीस बहर झाले. नवरा गेल्यावर घर चाललं ते या झाडावर आणि धानाच्या रोवणीवर. मुलगा अनुप बी.ए. झाला तोही यावरच.

अनुप गेल्या पावसाळ्यापासून गावाबाहेरच्या नव्या रिसॉर्टवर गाइड होता, तात्पुरता. ‘विदर्भाचं वाइन कंट्री, एका दिवसात’ ही जाहिरातीतली ओळ त्याचीच. आईने अर्थ विचारला तेव्हा त्याने सांगितलं होतं की नाशिककडे द्राक्षाचे मळे आहेत, तिथे दारू बनते आणि लोक गाड्या करून पाहायला जातात.

“आन पायतात काय?”

“झाडं.”

वच्छला खूप वेळ हसली होती. आदल्या संध्याकाळी मात्र अनुपने गंभीर होऊन सांगितलं की उद्याचा ग्रुप नीट गेला तर मालक त्याला कायम करणार आहे. पाहुणे झाडाखाली येतील, फुलं वेचतील, फोटो काढतील, बस. ती हो म्हणाली.

साडेआठला सहा जण आले. टीना नागपूरच्या एका बँकेत होती आणि आज तीस वर्षांची होत होती. मित्रमैत्रिणींना खरं तर नाशिकला जायचं होतं, पण सगळ्यांच्या सुट्ट्या जुळेनात. टीना पोरगी चांगली होती. चपला बाहेर काढून आली, वच्छलाजवळ बसली आणि तीन मुठी फुलं वेचली. त्यातली निम्मी बोटांत चेंगरली. तिचा मित्र मोनू मात्र आल्यापासून कंटाळला होता.

“नाशिकले बसाले खुर्च्या तरी असत्या बे,” तो म्हणाला.

अनुपने पिशवीतून मोहाच्या दारूची बाटली आणि काचेचे छोटे ग्लास काढले. आधी वास घ्या, मग थोडं जिभेवर फिरवा, असं तो सांगू लागला. हे तो फोनवर पाहून शिकला होता. दर रविवारी विहारात पंचशील म्हणणाऱ्या वच्छलाने तोंड फिरवलं. तिची फुलं तुमसरचा व्यापारी नेत असे. पुढे त्यांचं काय होतं हे तिने एकतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

केक कापून झाला. मग मोनूला व्हिडिओ हवा होता, टीनावर फुलांचा पाऊस पडतानाचा. टीना हात पसरून उभी राहिली. दहा मिनिटांत दोन फुलं पडली, तीही तिच्या मागे.

“झाड झोपलं का तुमचं?” मोनूने अनुपला विचारलं. “वर चढून जरा हलव ना, भाऊ. आमचा रिव्ह्यू मालकालेच जाणार आहे.”

अनुपने आईकडे पाहिलं. वच्छलाने टोपलीकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण पाहुण्यांसमोर पोराला बोललं तर त्याची नोकरी जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अनुप झाडावर चढला आणि त्याने दोन्ही हातांनी फांदी गदागदा हलवली. थोडी फुलं आली, बाकी सगळ्या कळ्या. टणक, हिरवट, टीनाच्या केसांत, केकवर, झाडलेल्या जमिनीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काकू, किती सुंदर आहे हो तुमचं झाड,” टीना म्हणाली आणि वच्छलाच्या तोंडात केकचा घास दिला. वच्छलाने तो खाल्ला.

दुपारी दोनपर्यंत व्हिडिओ गावात सगळ्यांच्या फोनवर होता. पाच वाजता समाजमंदिरासमोर वन समितीची बैठक भरली. अध्यक्ष मधुकरराव शांत होते. त्यांनी वच्छलाला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला, हे जमलेल्या सगळ्यांना कळलं.

“पोराले पाहुण्यायनं चढवलं असं मांडतो मी,” ते म्हणाले. “रिसॉर्टवाल्याले दंड लावू. तू नव्हती ना तिथं?”

“होती.”

“मंग थांबवलं काहून नाही?”

मधुकररावांनी पुन्हा विचारलं नाही. वाकडा मोह लीलाबाईला मिळाला. तिचं झाड दोन वर्षांपूर्वी वादळात पडलं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्यांची फुलं अर्ध्या वाट्याने वेचत होती. ती खाली मान घालून बसली होती आणि बैठक संपल्यावर सगळ्यांच्या आधी निघून गेली.

सहा वाजता अनुप मिठाईचा डबा घेऊन आला. मालकाने त्याला कायम केलं होतं. व्हिडिओ चांगला चालला होता, आणखी तीन ग्रुपची विचारणा आली होती. पहिला रविवारी येणार होता, त्यांनाही तसाच फुलांचा पाऊस हवा होता. वच्छलाने त्याला बैठकीत काय झालं ते सांगितलं. त्याने डबा मांडीवर ठेवला.

“तुले तरी आता फुलं कायले येचा लागते, माय,” तो म्हणाला. आणि मग, फोन काढत, “रविवारसाठी लीलाकाकूलेच इचारतो मंग.”

गावतलावातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम सोमवारी सुरू झालं आहे. वच्छलाचं नाव यादीत बाविसावं आहे. मोह संपेपर्यंत येणार नाही, असं तिने कळवून ठेवलं होतं. उद्या हजेरी सकाळी आठला आहे.