जत्रेतला नारळ

बस उशिरा आली की तो म्हणायचा, "अपील करू!" टेलिव्हिजनवर अंपायरनं आपल्या फलंदाजाला पायचीत दिलं, "अपील करू!" आमच्या हिची पोळी करपली तरी तेच. "वहिनी, निकाल अंतिम नाही. अपील करू!"

अशी एखादी वल्ली तुमच्याही शेजारी असेल. पण आमचा हा शेजारी नुसता बोलत नव्हता. तो खरोखरच अपील करत होता, आणि तेही थेट लष्कराकडे.

लंडनमधल्या वेम्बलीला आमच्या लगतच्या घरात तो आणि त्याचे वडील राहायचे. बेने इस्रायली ज्यू, मूळचे कोकणातले, मग मुंबईचे. त्यांचं मराठी आमच्याहून स्वच्छ. वडील जुन्या हिंदी फौजेतले निवृत्त सुभेदार. मुलगा बसवर कंडक्टर. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तो काकाकडे इंग्लंडात आला आणि बापाचं बघून इथल्या लष्करात भरती झाला. वर्षभरातच त्याला घरी पाठवलं. शिपायाला सोडताना लष्कर त्याच्या वर्तणुकीवर शेरा मारतं. याला शेरा मिळाला 'वाईट'. गुन्हा काय, तर पहाऱ्यावर असताना चौकी सोडून जत्रेत गेला.

बायको गेल्यावर सुभेदार लंडनला मुलाकडे आले ते आल्या दिवशी अट घालूनच. "लष्करानं लिहिलेलं लष्करानं बदललं तर याच्याशी बोलेन. तोवर नाही."

तेव्हापासून बाप-लेक एका टेबलावर जेवायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत. मी कौन्सिलच्या कचेरीत साधा कारकून, पण या घरात माझा दर्जा राजदूताचा होता.

"सांगा त्याला, आमटी अळणी आहे."

मी मान वळवायचो. "अळणी आहे म्हणतायत."

"त्यांना सांग, डॉक्टरनं मीठ बंद केलंय."

"डॉक्टरला काय कळतं, विचारा त्याला."

या वाटाघाटींत माझं दोन वेळचं जेवण एका वेळी व्हायचं, म्हणून मीही शांततेसाठी फारशी घाई केली नाही. मी नसलो, की सुभेदार म्हणे रेडिओकडे बघून बोलायचे. "कोणीतरी खिडकी लावली तर बरं होईल," असं बातम्या देणाऱ्याला सांगायचे, आणि हा उठून खिडकी लावायचा.

त्याचे अर्ज मी लिहून द्यायचो. माझं इंग्रजी मुंबईच्या सरकारी खात्यात घडलेलं. 'अत्यंत नम्रतापूर्वक' इथून निघालेलं माझं वाक्य पान उलटल्याशिवाय थांबत नसे. 'तरुण वयातली चूक, उदार मनानं क्षमा व्हावी.' दर वेळी उत्तर यायचं, चौकी सोडण्याचं कारण काय ते दिलेलं नाही, सबब अर्ज नामंजूर.

"अरे, मग खरं कारण लिहू या की," मी एकदा वैतागून म्हटलं. "गेलास कशाला मरायला त्या जत्रेत?"

त्यानं आधी सुभेदार वरच्या मजल्यावर झोपलेत याची खात्री केली आणि मग सांगितलं. मुंबईला आई फार आजारी होती. रजा मागितली, मिळाली नाही. मग यानं त्यांच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हनाबी पैगंबराला मलिदा बोलला. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा नवसाचा नैवेद्य, भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं आणि वर फळं. पोहे आईनंच पार्सलनं पाठवलेले होते. नारळ कुठून आणायचा? आणि नेमकी पहाऱ्यावर उभं असताना समोरच्या मैदानात जत्रा लागली. इथल्या जत्रेत खांबांवर नारळ ठेवतात. चेंडू मारून पाडायचा, पडला की आपला. हा बंदूक खांद्याला अडकवून गेला, एक पाडला आणि काखेत घेऊन परत येताना वाटेतच साहेबापुढे उभा राहिला. सलाम ठोकायला हात मोकळा करताना नारळ साहेबाच्या बुटावर पडला.

मी हसून हसून लोळलो. मग विचारलं, "हे वडिलांना का नाही सांगत?"

"आई बरी झाली त्या वेळी. तिला कळलं असतं तर आयुष्यभर म्हणाली असती, माझ्यापायी पोराची नोकरी गेली. म्हणून बोललो नाही." तो कपाची कड पुसत म्हणाला. "आणि आता ती नाही. आता सांगितलं तर आईच्या पदराआड लपल्यासारखं होईल. बाबांनीही कधी विचारलं नाही."

शेवटी एकदा तोंडी सुनावणीचं बोलावणं आलं. समितीत तीन साहेब, आणि वर्तणुकीची ग्वाही द्यायला याच्याबरोबर एक माणूस. तो माणूस मी. निघायच्या वेळी बघतो तर सुभेदार कोटावर पदकं लावून दारात उभे.

"सांगा त्याला, मीही येतोय. साहेब लोकांची फसवणूक व्हायला नको."

आठवडाभर घोकलेलं माझं भाषण समितीपुढे असं झालं: "हा माझा शेजारी आहे. आणि मी... हा माझा शेजारी आहे." अध्यक्ष मेजरसाहेब म्हणाले, "थँक यू," आणि मी बसलो.

मग त्यांची नजर पदकांवर गेली. ते स्वतः तरुणपणी हिंदुस्थानात होते. उठून उभे राहिले. "सुभेदारसाहेब, तुम्ही काय शेरा दिला असता?"

"हाच, सर. आणि खाली जाड रेघ मारली असती."

"यानं चौकी का सोडली, तुम्हाला माहीत आहे?"

"नो, सर. चौकी सोडणाऱ्याला कारण विचारत नाहीत."

"आम्ही वर्षानुवर्षं विचारतोय, हा सांगत नाही. तुम्ही विचारा." सुभेदार जागचे हलले नाहीत. मेजरसाहेबांनी आवाज चढवला. "सुभेदार, धिस इज ॲन ऑर्डर."

टाचा जुळल्या. म्हातारा वळला, आणि लंडनला आल्यापासून पहिल्यांदा मुलाच्या डोळ्यांत बघून बोलला.

"चौकी का सोडलीस?"

"आई आजारी होती ना, बाबा. मलिदा बोललो होतो. नारळ नव्हता."

"जत्रेत नारळ?"

"चेंडू मारून पाडायचा असतो."

"मग मलिदा केलास कुठे?"

"कोठडीत. तिथल्या हवालदारानं नारळ फोडून दिला. पण खवट निघाला, बाबा."

"खवट?"

"पार खवट."

"तरी बरी झाली ती," सुभेदार म्हणाले.

"काय म्हणतायत ते?" मेजरसाहेबांनी मला विचारलं. मी दुभाषा म्हणून उठलो. इंग्रजी पळालं होतं. "सर," मी म्हटलं, "द कोकोनट वॉज बॅड."

समितीनं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

बाकीचं त्यानं मग स्वतःच समितीला इंग्रजीत सांगितलं. काही आठवड्यांनी निकाल आला. शेरा एकच पायरी चढला होता, 'वाईट'चा 'बरा' झाला होता. सुभेदारांनी चष्मा लावून वाचलं.

"बरा! माझ्या पलटणीत एवढंही मिळालं नसतं, गाढवा."

गाढव म्हटल्यावर इतका खूश झालेला माणूस मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलेला नाही.

पुढे मात्र आमचे हाल झाले. दोन घरांमधली भिंत पातळ, आणि इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं. सकाळी टोस्टवरून भांडण, दुपारी मोज्यांवरून, रात्री राजकारण. "आधीच बरं होतं हो," म्हणत ही भिंतीवर लाटणं आपटायची. मला तर आता जेवायलाही कोणी बोलवेना. राजदूताची गरजच संपली होती.

वर्ष-दीड वर्षानं त्याला लंडनबाहेर ब्रॅकनेलला एका कंपनीच्या कँटीनमध्ये नोकरी लागली. सामान भाड्याच्या व्हॅनमध्ये भरून दोघं निघाले. हा चालवायला, सुभेदार शेजारी, मांडीवर नकाशा उलटा. आम्ही फाटकाशी उभे होतो. व्हॅन रस्त्याच्या टोकाला पोचली तरी काचेतून आवाज येत होता.

"डावीकडे घे म्हणतो ना! अरे, डावीकडे!"

"बाबा, नकाशा सरळ धरा आधी!"

व्हॅन क्षणभर तिथंच घुटमळली. मग डावीकडे वळली.