पीरबाबांच्या खडकापाशी बंद पडणारं मशीन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मधे तुमच्या अंगावर काटा येणार आहे. आणि शेवटी मी कशी माती खाल्ली ते ऐकून परत हसाल, त्याला माझा इलाज नाही.

माझा मेव्हणा इकबाल कुवेतला असतो. त्यानं माझ्या छोट्या बोटीला मागे लावायचं कोरं करकरीत आऊटबोर्ड मशीन घेऊन दिलं. सोबत फोनवर दमही दिला.

"दुल्हाभाई, नवं हाय, फुल ताणू नका. एकाच वेगात पण ठेवू नका, कमी-जास्त करत राहा. मागून पाण्याची धार पडतेय ना बघा. आणि ती लाल दोरी मनगटाला बांधा. जुम्म्याला मी येतोय, मशीन नीट सेट झालेलं दिसलं पायजे. न्हायतर काढून धाकट्या दुल्हाभाईंना देईन!"

धाकट्याला? माझ्या साडूला? अहो, वल्ही मारून मारून खांदे माझे गेले आणि मशीन त्याला? मी ठरवलं, या मशीनला फुलासारखं जपायचं.

थंडीची सकाळ होती. खाडीवर धुकं इतकं, की बोटीचं पुढचं टोक दिसेना. मशीन जरा हळू, जरा जास्त, परत हळू, असं चाललेलं. खाडीच्या तोंडाशी एका खडकावर पीरबाबांची कबर आहे. हिंदू असो, मुसलमान असो, तिथून जाताना हात जोडल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. मीही वेग कमी केला, दोन्ही हात वर घेतले आणि फातिहा पढायला लागलो.

मशीन बंद!

अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पाण्याचा आवाज नाही, पाखराचा नाही. स्टार्टरची दोरी ओढतोय, ओढतोय, मशीन ढिम्म. बोट आपसूक कबरीकडे सरकतेय. आणि अचानक लोबानचा वास आला! खडकावर चिटपाखरू नाही, मग लोबान जाळला कुणी?

तेवढ्यात धुक्यातून एक पांढरी दाढी बाहेर आली. नुसती दाढी! मी कलमा पढायला लागलो.

"अरे मुश्ताक, मी हाय!" दाढी बोलली. आमच्या मोहल्ल्यातले हसनचाचा होते, आपल्या होडीत. त्यांनी मला दोर लावून ओढत घरी आणलं.

घरी मशीन पाण्याच्या पिंपात बसवलं. रझियानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं. मी बिसमिल्ला म्हणून दोरी ओढली. एका झटक्यात सुरू!

आता बोला!

दुसऱ्या दिवशी परत तेच. खाडीभर मशीन गाणं म्हणतंय, बाबांच्या खडकापाशी आलो, हात वर केले, की खलास. घरी पिंपात घातलं, की परत सुरू. आता याला काय म्हणणार तुम्ही? मी तर रात्री दिवा लावून झोपायला लागलो.

हसनचाचा गंभीर झाले. "बाबांना मशीन पसंत न्हाय."

"का पण?"

"आवाज करतंय ना. चादर चढव."

चादर आणली. रझिया म्हणाली, मी पण येते. धुक्यात आम्ही दोघं निघालो, ती चादर छातीशी धरून बसलेली, मी मशीन चालवतोय. खडक दिसला. मी हात वर केले. मशीन बंद. तोच लोबान. मी रडायचाच बाकी होतो.

"बाबा, काय चुकलं माझं?" मी ओरडलो.

"अवो," रझिया शांतपणे म्हणाली, "तुमच्या मनगटाला काय लटकतंय?"

लाल दोरी. तिच्या टोकाला प्लास्टिकची चिमटी.

"ही मशीनमधून निघाली बघा. रोज निघालेली असते. पुसताना मी रोज परत बसवते. मला वाटलं, तुम्हीच काढता!"

तिनं चिमटी खाचेत बसवली. मी स्टार्टरची दोरी ओढली. मशीन सुरू.

म्हणजे हात वर केला की दोरी ताणली जायची, चिमटी सुटायची आणि मशीन बंद पडायचं. मी आपला समजत होतो, पाण्यात पडलो तर बोटीला लटकून राहावं म्हणून ती दोरी आहे! शरमेनं मान वर होईना. चादर चढवली आणि गुपचूप घरी आलो.

पण मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? डोकं लावलं. जुम्म्याला इकबाल आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्याला आणि रझियाला बोटीत घेतलं आणि लाल दोरी बांधली माझ्या पायाला! आता हात मोकळे. खडक आला. मी ऐटीत दोन्ही हात वर केले, डोळे मिटले. मशीन चालूच! मनात म्हटलं, बघ इकबाल, कसं सेट केलंय.

डोळे उघडले ते धाडकन आवाजानं.

मशीन चालू होतं हो, पण बोट वळवायचं हँडल कुणी धरलं होतं? बोट वळून थेट बाबांच्या खडकाखालच्या चिखलात चढलेली, इकबाल कमरेपर्यंत चिखलात उभा, आणि मशीन बंद करायला मी दोरीचा पाय झटकत एका पायावर उड्या मारतोय.

इकबाल कपड्यांवरचा चिखल निपटत राहिला. बोलली रझिया.

"इतके दिवस बाबा मशीन बंद करून तुम्हाला खडकावर आपटण्यापासून वाचवत होते. तुम्ही त्यांचा पण हात सोडवलात!"

लोबानचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. तिथून जाताना आजही वास येतो, आणि मी वल्ही मारतच जातो.

व्हय, वल्ही. मशीन साडूकडे गेलं. परवा भेटला तर म्हणतो, "भाई, काय झक्कास सेट झालंय हो! कुणी केलं?"